मेमोची जाडी

"वर या," काकू शिडीवरून म्हणाल्या. "माझे दोन्ही हात गुंतलेत. मेमो द्यायचा असेल तर वर येऊन द्या."

मी खाली उभा होतो. हातात पाकीट, अंगात सकाळीच इस्त्री केलेला शर्ट. शिडीला सोळा पायऱ्या होत्या आणि मला तिसऱ्या पायरीवर गरगरायला लागतं हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. जेवणाची सुट्टी होती. मशीनं बंद होती आणि भिंतीला टेकून डबे खाणारी माणसं माझ्याकडे बघत होती. फुकटची करमणूक कोण सोडतो?

"खाली ठेवून जातो, काकू. सही सावकाश करा."

"खाली ठेवलेला मेमो मी घेत नसते. सध्या माझ्या कामाची जागा वर आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच वरून आवाज आला, "या बाजूने नाही, पलीकडून. एका बाजूला दोघांनी चढायचं नसतं."

शिडी घडीची होती, दोन्हीकडे पायऱ्या असलेली. मी वळसा घालून पलीकडून चढलो. कसा चढलो ते विचारू नका. वर बघितलं नाही आणि खाली तर मुळीच बघितलं नाही. शेवटी माझं नाक लोखंडी तुळईच्या बरोबरीला आलं, तेव्हा काकूंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आता बघा."

आमच्या शेडच्या तुळया निळ्या आहेत हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी कळलं, तेही काकूंनी पुसलेला हातभर तुकडा निळा होता म्हणून. बाकी सगळ्या तुळईवर भुशाची धूळ बसली होती. भुसा म्हणजे खाली करवतीशी पडतो तो जाडाभरडा नव्हे. फळ्या घासायच्या मशीनमधून जी उडते ती पिठासारखी धूळ. मी फुंकर मारणार होतो, काकूंनी डोळे वटारले म्हणून मारली नाही.

त्यांनी माझ्या हातातलं पाकीट फोडलं. आतला कागद एकदा दुमडला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, आणि ती घडी निळ्या पट्ट्यावर धुळीच्या कडेला आडवी ठेवली. घडीपेक्षा धूळ उंच होती.

"पहिला मेमो एकदा दुमडला होता," काकू म्हणाल्या. "तेवढा पुरला. दुसरा दोनदा दुमडला. आज तीनदा दुमडून उरतंच आहे. साहेबांना म्हणावं, कागद जरा जाड वापरा."

"काकू, आधी वाचून तर घ्या."

"चष्मा खाली राहिलाय. तुम्हीच वाचा. तुम्हीच लिहिलाय, तुम्हाला बरं वाटेल."

मी घडी उलगडून वाचलं. "'आपणांस कळविण्यात येते की, दोन वेळा लेखी समज देऊनही आपण शेडच्या वरच्या भागाच्या अनावश्यक सफाईत वेळ घालवीत आहात. सुरक्षिततेच्या कारणास्तव आपणांस यापुढे शिडीवर चढण्यास मनाई करण्यात येत आहे...'"

"थांबा. कशाच्या कारणास्तव?"

"सुरक्षिततेच्या."

काकूंनी हातातलं फडकं तुळईवर ठेवलं. मग हसल्या, पण ते हसणं मला बरं वाटलं नाही. "हा शब्द साहेबांचा की तुमचा?"

"साहेबांचा," मी म्हणालो.

खोटं बोललो. साहेब एवढंच म्हणाले होते की बाईंना चढू नका असं लिहा. कारण काहीतरी घालायला हवं, नाहीतर मेमो भुंडा दिसतो, म्हणून ते शब्द मी घातले होते. नऊ वर्षं मेमो लिहिणाऱ्या माणसाच्या बोटांना असे शब्द आपोआप येतात.

काकूंनी पोच म्हणून सही केली. मेमो पुन्हा दुमडून त्या मधल्या तुळईवर धुळीतच ठेवून दिला. "राहू दे वरच. आधीचे दोन्हीही असेच आहेत. एक त्या टोकाच्या तुळईवर, एक दाराकडच्या."

आमच्याकडे तीन मेमोंनंतर चौथा नसतो. तिसऱ्यानंतर जे पत्र येतं त्यात 'उद्यापासून' हा शब्द असतो. काकूंना निवृत्त व्हायला चौदा महिने उरले होते आणि हे सगळं त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

आमचा कारखाना शाळांच्या बाकांचा आणि कपाटांचा. एक मोठी शेड, अकरा तुळया, एकवीस मशीनं. काकू तिथे सफाईला लागल्या त्याला अकरा वर्षं झाली. त्यांची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी सुट्टीच्या आधी अर्धा तास सगळी मशीनं बंद व्हायची. मोठ्या करवतीचं पातं बटण दाबल्यावरही फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत काकू मोजत. चाळीसपर्यंत मोजून होई, मग हातात फडकं घेत. आधी वर, मग मशीनं, सगळ्यात शेवटी फरशी. बांबूला ओलं फडकं गुंडाळून तुळया पुसायच्या, रोज दोन याप्रमाणे, म्हणजे आठवड्यात सगळ्या होत. धूळ पोत्यात भरून, तोंड बांधून पोतं बाहेर. मऊ केरसुणी, हलका हात. कोणी केर जोरात उडवला की काकू त्याच्या हातातून केरसुणी काढून घेत आणि काही न बोलता स्वतः झाडत. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या, असं लोक म्हणत.

काकू कोणाच्या लाडक्या होत्या असं नाही. त्या अर्ध्या तासात प्रत्येकाला आपापलं मशीन पुसावं लागे. अंगावरची धूळ झटकायला फाटकाबाहेर जावं लागे, पावसात सुद्धा. त्यांचा मुलगा फळ्या घासायच्या मशीनवर होता, त्याला तर सगळ्यांत जास्त पुसावं लागे. लोक त्याला म्हणत, तुझी आई तुळयांना आंघोळ घालते, तुला घालते की नाही?

मग नवे साहेब आले. माणूस स्वभावाने वाईट नव्हता. कोणाला अरेतुरे करत नसे, सुट्टी मागितली तर देत असे. फक्त घड्याळ बघायची सवय वाईट. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कॉम्प्रेसरला लांब पाइप जोडून घेतला. हवेचा झोत मारला की मशीन पाच मिनिटांत लख्ख. फरशी आणखी पाच मिनिटांत. पाइप आपल्याच अंगावर फिरवला की कपडेही साफ. अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. मशीनं वीस मिनिटं जास्त चालू लागली आणि तरी माणसं वेळेवर घरी जाऊ लागली. सगळे खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू? ऑफिसची खिडकी शेडकडे उघडते आणि खालची फरशी इतकी चकचकीत मी कधी पाहिली नव्हती.

काकूंनी पाइप हातात घ्यायला नकार दिला. त्यावर पहिला मेमो. सांगूनही त्या संध्याकाळी मशीनं बंद करायला लावत होत्या, त्यावर दुसरा. मग त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, मशीनं बंद असताना, एकटीने तुळया पुसायला सुरुवात केली. अर्ध्या तासात एका तुळईचा हातभर तुकडा निळा होई. संध्याकाळी पाइप सुरू झाला की तो परत भुरकट होई. असे चार महिने चालले होते. त्यावर तिसरा मेमो, जो मी शिडीवर नेऊन दिला.

त्या आठवड्याच्या शेवटी आमच्याकडे पाहुणे येणार होते. एका मोठ्या संस्थेला बरीच बाकं हवी होती आणि कारखाना स्वच्छ, सुरक्षित असेल तरच ते काम देणार होते. साहेबांनी मला बोलावलं. "काकूंना त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगा. भरपगारी. तुम्ही गोड बोलता."

मी जेवणाच्या खोलीत गेलो. काकू आणि त्यांचा मुलगा समोरासमोर बसले होते. डबा त्याच्या पुढ्यात उघडा होता, त्यांच्या पुढ्यात बंद. मी निरोप सांगितला.

"घे की सुट्टी," मुलगा म्हणाला. "आई, चौदा महिने राहिलेत तुझे. कशाला हट्ट करतेस?"

"सुट्टी मागितली नाही मी."

"मागितली नाहीस तरी मिळतेय ना? लोक मला किती बोलतात माहितीये? एकट्या तुलाच सगळं कळतं का? एवढी एकवीस माणसं पाइप मारतात, कोणाला काही झालं?"

"अजून नाही झालं."

"बघा भाऊ, हे असं आहे," तो मला म्हणाला. "हिच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं. अगं, धूळ आहे ती. बॉम्ब नाही."

काकूंनी डबा बाजूला सारला. मला बसायला सांगितलं नाही, पण जा असंही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी थांबलो.

"तुझी मावशी कशाने गेली?" त्यांनी विचारलं.

"आगीत गेली. तुम्ही दोघी त्या जुन्या कारखान्यात होतात तेव्हा."

"आगीत नाही गेली. नीट ऐक. मी कधी सांगितलं नाही, आता सांगते." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, केर कुठे टाकायचा ते सांगावं तसा. "तिथेही लाकडाचंच काम. आम्ही दोघी बहिणी सफाईला. मी वीस मिनिटांत अख्खी शेड काढायचे. सगळे म्हणायचे, हिच्या फरशीवर ताट न घेता जेवावं. कशाने काढायचे? पाइपने. तिथेही पाइपच होता आणि तो माझ्या हातात असायचा. ती म्हणायची, ताई, खालचं वर जातंय गं. मी म्हणायचे, वर कोण बघतंय?"

मुलाचा घास हातातच राहिला.

"एक दिवस एका मशीनमध्ये ठिणगी पडली. छोटा आवाज झाला. फुगा फुटल्यासारखा. त्यात कोणाला खरचटलं सुद्धा नाही. एक जण तर हसला. पण त्या आवाजाने शेड हादरली आणि वरची धूळ खाली आली. सगळी. डोळ्यासमोर हात दिसेना. आणि ती हवेतच पेटली. दुसरा आवाज झाला तो. मी दाराशी होते म्हणून बाहेर फेकले गेले. ती आत होती. वर्षभराची धूळ मी माझ्या हाताने तिच्या डोक्यावर नेऊन ठेवली होती. आणि शाबासकी घेतली होती."

खोलीत आणखी तीन-चार जण होते. त्यांचे चमचे थांबले होते.

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस," मुलगा म्हणाला.

"लाज वाटत होती," काकू म्हणाल्या. "अजून वाटते. पण आता माझ्या डोक्यावर अकरा तुळया आहेत आणि खाली तू उभा असतोस. लाज बाळगून किती दिवस बसू?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेबांना सांगा, सुट्टी घेते."

मला हायसं वाटलं. किती बावळट असावं माणसाने.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी पाइपने शेड दोनदा साफ झाली. दारात रांगोळीसारखं काही नको, साधं असू दे, असं साहेब म्हणाले, म्हणून फक्त एक फलक लावला, 'स्वच्छता हीच सुरक्षितता'. फलकाचा मजकूरही माझाच.

तीन पाहुणे आले. त्यांच्यात मुख्य होत्या त्या पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाई. फार बोलत नव्हत्या, वहीत लिहीत होत्या. साहेब त्यांना मशीन-मशीन दाखवत चालले होते, मी मागे फाईल घेऊन. सगळी मशीनं चालू होती. काम जोरात आहे हे पाहुण्यांना दिसावं, असं ठरलेलं होतं. साहेबांनी एका मशीनवर बोट फिरवलं आणि स्वच्छ बोट बाईंना दाखवलं. मग फरशीकडे हात करून, आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "इथे ताट न घेता जेवता येईल."

मी आपोआप दाराकडे बघितलं. दारात काकू उभ्या होत्या.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी सांगितलं होतं, एप्रन आत राहिलाय, घेऊन येते. एप्रन त्यांनी घेतला होता. घातलाही होता, डोक्याला रुमाल बांधला होता आणि हातात बांबू होता. कोणाकडे न बघता त्या भिंतीकडेने मेन स्विचपाशी गेल्या आणि त्याचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

एकवीस मशीनांचा आवाज एकदम उतरायला लागला. दिवे गेले. छपरात मधेमधे पारदर्शक पत्रे आहेत, त्यातून येणारं ऊन तेवढं राहिलं. मोठ्या करवतीचं पातं फिरत होतं. काकू स्विचला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

"काय झालं? वीज गेली का?" साहेब म्हणाले.

"मी बंद केली," काकू म्हणाल्या, पण लगेच पुढे काही बोलल्या नाहीत. मोजणं चालू होतं. साहेब त्यांच्याकडे निघाले, तेव्हा घासायच्या मशीनवरून त्यांचा मुलगा पुढे आला आणि वाटेत उभा राहिला. हात मागे बांधलेले, मान खाली. तिथून हलला नाही.

करवत थांबली. शेड इतकी शांत मी कामाच्या वेळी कधी ऐकली नव्हती. काकू मधल्या तुळईखाली आल्या.

"बाई, जरा चार पावलं मागे सरा. रुमाल धरा नाकाला. तुम्ही पण, साहेब."

साहेब सरले नाहीत. काकूंनी बांबू उचलला आणि तुळईवर एकदाच ठोकला.

आधी थोडी धूळ आली. मग आणखी आली. मग येतच राहिली. उन्हाच्या पट्ट्यात ती आल्यावर तिचं प्रमाण कळलं. फरशी गेली, मशीनं भुरकट झाली. साहेबांचे केस, खांदे, बूट पांढरट झाले. कोणी खोकलं, कोणी दाराकडे सरकलं. सगळ्यात शेवटी वरून एक कागद आला. धुळीतून डुलत, अर्धवट उलगडत, सावकाश आला आणि चष्म्याच्या बाईंच्या पायाशी पडला.

बाईंनी तो उचलला, झटकला, आणि चष्म्याजवळ धरून वाचला. आधी मनात वाचला. मग मोठ्याने. "'...शेडच्या वरच्या भागाच्या अनावश्यक सफाईत वेळ घालवीत आहात. सुरक्षिततेच्या कारणास्तव...'" त्या थांबल्या. "सुरक्षिततेच्या कारणास्तव?"

त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनीही बघितलं आणि त्यांच्या बघण्यावरून मला कळलं की शिडीवर मी खोटं बोललो हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

"ते शब्द माझे आहेत," मी म्हणालो. "साहेबांनी सांगितले नव्हते. मला तेव्हा त्यांचा अर्थ माहीत नव्हता."

नऊ वर्षांत कोणत्याही कागदाची जबाबदारी मी अशी घेतली नव्हती.

"वर अजून किती आहे?" बाईंनी काकूंना विचारलं.

"हा एका तुळईचा एक ठोका. तुळया अकरा आहेत. चार महिन्यांची धूळ."

"आणि मशीनं आधी का बंद केलीत?"

"मशीन चालू असताना वरचं खाली पाडत नाहीत," काकू म्हणाल्या. "साहेबांना दाखवायचं होतं, माणसं मारायची नव्हती."

बाईंनी वहीत बरंच लिहिलं. जाताना साहेबांना म्हणाल्या की काम देणं-न देणं आज ठरणार नाही. एका महिन्याने परत येऊ आणि तेव्हा शिडी तयार ठेवा. तो मेमो त्यांनी परत दिला नाही. वहीत ठेवून घेतला.

दुपारी साहेबांनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं आणि मला टाईप करायला बसवलं. त्यांनी तोंड धुतलं होतं, पण कानांमागे धूळ तशीच होती. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काकू, तुळया साफ होतील," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण पाहुण्यांसमोर मेन स्विच ओढायचा, हे मी तसंच सोडलं तर उद्या कोणीही उठून मशीनं बंद करेल. माफी लिहून द्या. दोन ओळी. मी तुमचे चौदा महिने सांभाळतो." मग मला म्हणाले, "घ्या लिहून. 'गैरसमजातून माझ्याकडून यंत्रे बंद करण्यात आली. त्याबद्दल दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही.'"

मी टाईप केलं. कागद काकूंसमोर ठेवला. त्यांनी एप्रनच्या खिशातून चष्मा काढला, लावला, आणि बोट फिरवत सगळं वाचलं.

"गैरसमज नव्हता," त्या म्हणाल्या.

"शब्दांचं एवढं काय घेऊन बसलात?"

"शब्दांचंच तर चाललंय, साहेब. भाऊ, दुसरा कागद लावा. मी सांगते तसं लिहा."

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी हात वर केले, लिहा म्हणून, की कंटाळून, ते कळलं नाही. मी लिहा असंच धरलं.

"'मशीनं मी बंद केली,'" काकू सांगू लागल्या. "'करण्यात आली' नाही. मी केली. 'वरची धूळ कोणी बघत नव्हतं म्हणून केली. परत तेवढी धूळ दिसली तर परत बंद करीन.' झालं. एवढंच."

मी शब्दाला शब्द तसाच टाईप केला. माझी बोटं दोनदा 'दिलगीर'कडे वळली, मी त्यांना वळू दिलं नाही.

"यावर सही केलीत," साहेब हळू म्हणाले, "तर उद्यापासून येऊ नका."

"सही कुठे करायची?" काकूंनी मला विचारलं.

मी जागा दाखवली. त्यांनी चष्म्यातून बघत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

साडेचारला मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. चुकलो, एवढं म्हणालो. शिडीवर खोटं बोललो, तेही म्हणालो.

"तुमच्यापेक्षा मोठी चूक मी केलीये, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची कागदावर राहिली. नशीब समजा." थोडं चालून परत म्हणाल्या, "पहिला मेमो अजून टोकाच्या तुळईवर आहे. तो काढू नका. मोजायला लागेल."

"मी चढत नाही हो, काकू. मला गरगरतं."

"गरगरू दे. पलीकडच्या बाजूला कोणाला तरी उभं करा आणि चढा."

आम्ही फाटकापाशी पोहोचलो तेव्हा मागे शेडमधला आवाज बदलला. आधी घासायचं मशीन बंद झालं, तो आवाज बारीक आणि चिरका असतो, गेल्याचं लगेच कळतं. मग शेजारचं. मग एकेक करून बाकीची. सुट्टी व्हायला अजून अर्धा तास होता आणि बंद करायला कोणी सांगितलेलं नव्हतं. साहेब केबिनमधून बाहेर आलेले मला दिसले. ते दारात उभे राहिले, त्यांनी घड्याळ बघितलं, आणि आत गेले. शेडच्या आतून लोखंडी शिडी ओढल्याचा आवाज आला.

काकू थांबल्या होत्या. त्यांची पाठ शेडकडे होती आणि त्यांनी वळून बघितलं नाही. मला वाटलं रडतायत. पण त्यांचे ओठ हलत होते. मोठ्या करवतीचं पातं अजून फिरत होतं, त्याची घरघर इथवर येत होती, आणि काकू मोजत होत्या.

चाळीस झाले. घरघर थांबली. काकू फाटकाबाहेर गेल्या, एप्रन काढला, वारा कुठून आहे ते बघितलं, आणि हाताने दोनदा झटकला. मग घडी घालून माझ्या हातात दिला आणि रस्त्याला लागल्या.